प्रवेश परीक्षांचे बदलते स्वरूप आणि गुणांचा बदललेला अर्थ : एमएचटी-सीईटी व जेईई मेन यांच्या विशेष संदर्भात

सारांश :
अभियांत्रिकी प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एमएचटी-सीईटी व जेईई मेन या दोन्ही परीक्षा २०१९ पासून संपूर्णपणे संगणकावर व अनेक सत्रांत घेतल्या जाऊ लागल्या आणि त्यांचा निकाल मूळ गुणांऐवजी पर्सेंटाइलमध्ये जाहीर होऊ लागला. हा बदल मुख्यत्वे व्यवस्थापनाच्या सोयीसाठी झाला असला, तरी त्यामुळे ‘गुण’ या संकल्पनेचा अर्थच पालटला. प्रस्तुत लेखात या परीक्षांच्या स्वरूपातील प्रमुख स्थित्यंतरे, पर्सेंटाइल काढण्याची पद्धत, तिच्यामागील गृहीतके व मर्यादा यांचे विवेचन केले असून, प्रवेश मार्गदर्शन व प्रथम वर्षाचे अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांनी या गुणांकडे कसे पाहावे, याविषयी काही शिफारशी मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : सामाईक प्रवेश परीक्षा, पर्सेंटाइल, सामान्यीकरण, प्रमाण त्रुटी, बहुपर्यायी प्रश्न.

१. प्रस्तावना :
बारावीनंतरच्या व्यावसायिक शिक्षणाचे प्रवेश कोणत्या निकषावर व्हावेत, हा महाराष्ट्राच्या शिक्षणव्यवहारातील एक दीर्घकाळ चर्चिला जाणारा प्रश्न आहे. ही चर्चा सामान्यतः परीक्षा असावी की नसावी, ती राज्याची असावी की केंद्राची, बारावीच्या गुणांना किती भार असावा, या मुद्द्यांभोवती फिरते. परीक्षेचे स्वरूप, म्हणजे प्रश्नांची संख्या, गुणदान, सत्रे, वेळेची विभागणी, निकालाची मांडणी इत्यादी बाबी, तांत्रिक मानून परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेवर सोडून दिल्या जातात. वस्तुतः याच बाबी कोणता विद्यार्थी कोठे पोहोचेल, हे बऱ्याच अंशी ठरवीत असतात.

आपल्या महाविद्यालयांतील अनेक प्राध्यापक प्रवेशाच्या काळात सुविधा केंद्रांवर काम करतात, पालकांच्या शंकांचे निरसन करतात आणि पुढे त्याच विद्यार्थ्यांना प्रथम वर्षाला शिकवितात. पालक ‘मुलाला ८५ पर्सेंटाइल आहेत, म्हणजे ८५ टक्केच ना?’ असे विचारतात, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी शिक्षकावर येते. हे उत्तर केवळ ‘नाही’ इतकेच असून चालत नाही. ८५ हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नेमके ठाऊक असणे आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :
(अ) एमएचटी-सीईटी व जेईई मेन यांच्या स्वरूपातील प्रमुख बदलांचा आढावा घेणे.
(आ) पर्सेंटाइल पद्धतीची रीत व तिची गृहीतके सोप्या उदाहरणांनी स्पष्ट करणे.
(इ) या पद्धतीत अचूकतेचा जो आभास निर्माण होतो, त्याचे संख्याशास्त्रीय परीक्षण करणे.
(ई) प्राध्यापकांसाठी व धोरणकर्त्यांसाठी काही व्यवहार्य सूचना करणे.

सदर अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. विवेचनात जेथे सत्रांची संख्या, उमेदवारांची संख्या अथवा सरासरी गुण गृहीत धरले आहेत, तेथे तसे स्पष्टपणे नमूद केले आहे. ते आकडे केवळ उदाहरणादाखल असून कोणत्याही वर्षाच्या प्रत्यक्ष निकालाचे नाहीत.

३. स्वरूपातील स्थित्यंतरे :

३.१ राष्ट्रीय पातळी
आयआयटीच्या प्रवेश परीक्षेचे स्वरूप दीर्घकाळ वर्णनात्मक होते. विद्यार्थ्याने केवळ उत्तर नव्हे, तर उत्तरापर्यंत पोहोचण्याची रीतही लिहावी, अशी तिची अपेक्षा असे. उमेदवारांची संख्या वाढत गेल्यावर २००० साली वस्तुनिष्ठ चाळणी परीक्षा व त्यानंतर वर्णनात्मक मुख्य परीक्षा अशी द्विस्तरीय रचना आली. २००६ पासून वर्णनात्मक भाग पूर्णतः वगळण्यात येऊन संपूर्ण परीक्षा वस्तुनिष्ठ झाली. दुसरीकडे एनआयटी व अन्य संस्थांसाठी २००२ पासून एआयईईई ही स्वतंत्र परीक्षा घेतली जात होती. २०१३ मध्ये या दोन प्रवाहांची जुळणी होऊन जेईई मेन व जेईई ॲडव्हान्स्ड ही रचना अस्तित्वात आली. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता क्रमांकात बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता. तो २०१७ पासून काढून टाकण्यात आला.

राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या स्थापनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये मंजुरी दिली. या संस्थेने २०१९ पासून जेईई मेन वर्षातून दोनदा, अनेक सत्रांत व केवळ संगणकावर घेण्यास प्रारंभ केला. त्यानंतरचे बदल इतक्या वेगाने झाले की त्यांची नोंद ठेवणेही शिक्षकांना कठीण जावे. २०१९ मध्ये ९० प्रश्न व ३६० गुण होते. २०२० मध्ये ७५ प्रश्न व ३०० गुण झाले आणि प्रत्येक विषयात पाच प्रश्न संख्यात्मक उत्तराचे आले. २०२१ मध्ये परीक्षेची चार सत्रे झाली, प्रश्न पुन्हा ९० झाले व त्यांपैकी ७५ सोडविण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी मराठीसह १३ भाषांमध्ये प्रश्नपत्रिका उपलब्ध झाली. २०२२ मध्ये संख्यात्मक प्रश्नांनाही चुकीच्या उत्तरासाठी गुणकपात लागू झाली. २०२५ मध्ये वैकल्पिक प्रश्न रद्द होऊन पुन्हा ७५ अनिवार्य प्रश्न आले. म्हणजे सात वर्षांत प्रश्नसंख्या तीनदा बदलली.

३.२ राज्य पातळी
महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची स्थिती अधिक गुंतागुंतीची होती. २०१३ पर्यंत अभियांत्रिकीसाठी राज्याची सीईटी होती. २०१४ व २०१५ या दोन वर्षांत तिची जागा जेईई मेनने घेतली आणि बारावी व जेईई मेन यांना प्रत्येकी ५० टक्के भार देण्यात आला. २०१६ मध्ये राज्य पुन्हा एमएचटी-सीईटीकडे वळले. जून २०१४ मध्ये अकरावीत आलेल्या विद्यार्थ्याने ज्या परीक्षेच्या अपेक्षेने अभ्यास सुरू केला, ती परीक्षा तो बारावी उत्तीर्ण होईपर्यंत राज्यातील प्रवेशाचा निकष राहिलेली नव्हती.

वैद्यकीय शाखेत तर हा बदल काही दिवसांत घडला. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०१६ रोजी त्याच वर्षी ‘नीट’ घेण्याचा आदेश दिला. त्यानंतर एका आठवड्यात, ५ मे रोजी, राज्याची सीईटी झाली. त्याच महिन्यातील केंद्राच्या वटहुकमाने त्या वर्षापुरती राज्यांच्या जागांना सवलत मिळाली आणि २०१७ पासून ‘नीट’ अनिवार्य झाली. परीक्षेला बसताना तिचा उपयोग होणार की नाही, हेच विद्यार्थ्यांना निश्चितपणे माहीत नव्हते.

अभियांत्रिकीसाठीच्या एमएचटी-सीईटीचे स्वरूप मात्र त्यानंतर तुलनेने स्थिर राहिले. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे आणि गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, असे एकूण २०० गुण असतात. पहिल्या दोन विषयांसाठी मिळून ९० मिनिटे व गणितासाठी ९० मिनिटे दिली जातात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. २०१८ पासून अभ्यासक्रमात सुमारे २० टक्के भार अकरावीच्या व ८० टक्के भार बारावीच्या घटकांना आहे. २०१८ पर्यंत ही परीक्षा एकाच दिवशी उत्तरपत्रिकेवर वर्तुळे रंगवून होत असे. २०१९ मध्ये ती संगणकावर गेली, अनेक दिवस चालू लागली आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागू लागला. वरकरणी हा माध्यमातील बदल आहे. परंतु या लेखाचा मुख्य विषय असलेला बदल याच ठिकाणी घडला.

४. सत्रे आली, म्हणून पर्सेंटाइल आले :
लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा संगणकावर घ्यावयाची, तर तितके संगणक एकाच वेळी उपलब्ध होत नाहीत. साहजिकच परीक्षा अनेक सत्रांत विभागावी लागते. प्रत्येक सत्राला वेगळी प्रश्नपत्रिका द्यावी लागते आणि दोन प्रश्नपत्रिका काठिण्यात तंतोतंत समान असणे अशक्यप्राय असते. त्यामुळे मूळ गुणांची थेट तुलना अन्यायकारक ठरते. पर्सेंटाइल, म्हणजेच शततमक, हा या अडचणीवर काढलेला तोडगा आहे.

एका प्रश्नपत्रिकेचा एकदिवसीय मार्गही निर्दोष नाही. ‘नीट’ २०२४ ही २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी कागदावर दिलेली परीक्षा होती. पेपर हजारीबाग व पाटणा येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले आणि तरीही संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. एकच प्रश्नपत्रिका असेल तर एका ठिकाणची गळती सर्वांना बाधते. अनेक सत्रांत ती हानी मर्यादित राहते. म्हणून सत्रपद्धतीचा पुरस्कार करण्यास सबळ कारण आहे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो त्या सोयीची किंमत कोण व किती मोजतो, हा.

पर्सेंटाइल काढण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. विद्यार्थ्याच्या सत्रात त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी गुण मिळविणाऱ्या उमेदवारांची संख्या घ्यावी, तिला त्या सत्रातील एकूण उपस्थित उमेदवारांच्या संख्येने भागावे व १०० ने गुणावे.

उदाहरणार्थ, ‘अ’ व ‘ब’ या दोन सत्रांत प्रत्येकी २०,००० विद्यार्थी बसले, असे मानू. ‘अ’ सत्राची प्रश्नपत्रिका सोपी होती. तेथे १५० किंवा त्याहून कमी गुण १८,४०० विद्यार्थ्यांना मिळाले. ‘ब’ सत्राची प्रश्नपत्रिका कठीण होती. तेथे १८,४०० विद्यार्थी १३० किंवा त्याखाली राहिले. या रीतीनुसार ‘अ’ मधील १५० गुण व ‘ब’ मधील १३० गुण या दोहोंचे पर्सेंटाइल ९२ येते व दोन्ही विद्यार्थी समान मानले जातात.

यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पर्सेंटाइल हे विद्यार्थ्याच्या ज्ञानाचे मोजमाप नसून त्याच्या सत्रातील स्थानाचे वर्णन आहे. ९२ पर्सेंटाइलचा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा किती भाग जाणतो, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. दुसरी, प्रत्येक सत्रात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास १०० पर्सेंटाइल मिळतात, मग त्याचे मूळ गुण कितीही असोत. तिसरी, विषयवार पर्सेंटाइल स्वतंत्रपणे काढले जातात. त्यांची सरासरी म्हणजे एकूण पर्सेंटाइल नव्हे. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून काढले जाते. तिन्ही विषयांचे पर्सेंटाइल जोडून तिनाने भागणाऱ्या पालकाचा निकालपत्रावर संशय बसतो, त्याचे मूळ येथे आहे.

५. पद्धतीमागील गृहीतक :
‘अ’ मधील ९२ व ‘ब’ मधील ९२ समान मानण्यासाठी एक गोष्ट गृहीत धरावी लागते. ती म्हणजे दोन्ही सत्रांतील विद्यार्थ्यांचे गट एकूण गुणवत्तेत समान आहेत. हे गृहीतक ढळले, तर प्रश्नपत्रिकेचा अन्याय दूर होऊन गटाचा अन्याय त्याची जागा घेतो. सबळ विद्यार्थी अधिक असलेल्या सत्रात बसलेल्याचे पर्सेंटाइल घसरते, दुर्बल सत्रात बसलेल्याचे वाढते.

सत्रांचे वाटप यादृच्छिक रीतीने केल्यास हे गृहीतक बऱ्याच अंशी टिकते. परंतु जेईई मेनच्या जानेवारी व एप्रिल या दोन संधींची तुलना करताना अडचण येते, कारण कोणत्या संधीला बसावयाचे हे विद्यार्थी स्वतः ठरवितो. काहीजण दोन्ही वेळा बसतात, काहीजण बारावीची परीक्षा आटोपल्यावरच बसतात. असे दोन समूह समान असतीलच, असे नाही. तरीही दोन्ही संधींतील पर्सेंटाइल एकाच मापाचे मानून त्यांतील अधिक असलेले ग्राह्य धरले जाते.

६. दशांश स्थळांचा आभास :
निकालपत्रावर पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापलेले असते. ९२.१३४५६७८ आणि ९२.१०२३४५६ यांत निश्चितच काही फरक असला पाहिजे, अशी वाचणाऱ्याची समजूत होते. या समजुतीचे परीक्षण करणे आवश्यक आहे. पुढील विवेचनासाठी ४ लाख विद्यार्थी, प्रत्येकी २०,००० विद्यार्थ्यांची २० सत्रे, असे गृहीत धरू. या संख्येत एक पर्सेंटाइल म्हणजे ४,००० विद्यार्थी होत.

६.१ मूळ गुणांची मर्यादा
सीईटीचे एकूण गुण २०० आहेत. म्हणजे ० पासून २०० पर्यंत एकूण २०१ वेगवेगळे गुण संभवतात. एका सत्रात २०,००० विद्यार्थी असले, तरी त्यांचे पर्सेंटाइल अधिकाधिक २०१ प्रकारचेच असू शकतात. एकेका गुणावर सरासरीने सुमारे १०० विद्यार्थी एकत्र येतात व मध्यभागी याहून पुष्कळच अधिक. सात दशांश स्थळे परीक्षेच्या सूक्ष्मतेतून आलेली नाहीत. ती भागाकारातून आली आहेत. प्रत्येक सत्राचा भाजक थोडा वेगळा असल्याने निरनिराळ्या सत्रांतील समान स्थानाचे विद्यार्थी पाचव्या-सहाव्या दशांशाला वेगळे दिसतात. या वेगळेपणाचा त्यांच्या गुणवत्तेशी काहीही संबंध नसतो.

६.२ सत्रवाटपातील योगायोग
वाटप पूर्णपणे यादृच्छिक असले, तरी दोन सत्रे तंतोतंत समान होत नाहीत. नाणे हजार वेळा उडविल्यास बरोबर पाचशे वेळा छापा येत नाही, तसेच हे आहे. एखाद्या विद्यार्थ्याचे सर्व विद्यार्थ्यांमधील खरे स्थान ठाऊक आहे, असे मानले, तर त्याच्या सत्रातील पर्सेंटाइल त्या स्थानापासून योगायोगाने किती ढळू शकेल, हे प्रमाण त्रुटीच्या परिचित सूत्राने काढता येते. २०,००० च्या सत्रासाठी उत्तरे अशी येतात :

खरे स्थान ९९ पर्सेंटाइल : प्रमाण त्रुटी सुमारे ०.०७, म्हणजे सुमारे २८० क्रमांक.
खरे स्थान ९२ पर्सेंटाइल : प्रमाण त्रुटी सुमारे ०.१९, म्हणजे सुमारे ७७० क्रमांक.
खरे स्थान ५० पर्सेंटाइल : प्रमाण त्रुटी सुमारे ०.३५, म्हणजे सुमारे १,४०० क्रमांक.

यांतून असे दिसते की, ९२ च्या आसपासच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत दुसऱ्या दशांशानंतरचे सर्व आकडे आणि पहिल्या दशांशाचाही काही भाग केवळ योगायोगाचा असतो. ही त्रुटी कोणाच्या हलगर्जीपणामुळे येत नाही. ती सत्रपद्धतीत अंगभूत आहे. सत्रे जितकी लहान, तितकी ती मोठी होते.

६.३ अंदाजाने मिळालेले गुण
सीईटीत चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. त्यामुळे कोणताही प्रश्न कोरा सोडणे शहाणपणाचे नसते. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडणाऱ्यालाही २०० पैकी सरासरी ५० गुण मिळतात. आता असा विद्यार्थी घेऊ, की जो पाचव्या हिश्श्याचे प्रश्न निश्चितपणे जाणतो व उरलेल्यांवर अंदाज करतो. त्याचे अपेक्षित गुण ८० येतात. परंतु अंदाजांच्या लहरीमुळे त्यात एका प्रमाण विचलनाइतका, म्हणजे सुमारे ६.७ गुणांचा चढउतार संभवतो. तोच विद्यार्थी, तीच तयारी, तीच प्रश्नपत्रिका असूनही एके दिवशी ७३ आणि दुसऱ्या दिवशी ८७ गुण मिळणे मुळीच आश्चर्याचे नाही.

जेईई मेनमध्ये बरोबर उत्तरास चार गुण व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, ही पद्धत आहे. तेथेही चार पर्यायांच्या प्रश्नावर आंधळा अंदाज केल्यास सरासरी पाव गुणाचा लाभ होतो. अंदाज पूर्णतः निष्फळ ठरावयाचा, तर वजावट एक गुण व एकतृतीयांश इतकी हवी. गुणकपात आहे म्हणून तुक्का लागत नाही, ही धारणाही अंशतःच खरी आहे.

७. मध्यभागातील विद्यार्थी :
वरील विवेचनाचा खरा भार कोणावर पडतो? गुणांचे वितरण सामान्य वितरणासारखे असून सरासरी ८० व प्रमाण विचलन ३० आहे, असे मानू. या वितरणात बहुसंख्य विद्यार्थी मध्यभागी दाटीने असतात. तेथे एक गुण वाढला, तर पर्सेंटाइल सुमारे १.३३ ने वाढते. ४ लाखांत हे सुमारे ५,३०० क्रमांक होतात. गणिताचा एकच प्रश्न दोन गुणांचा आहे. म्हणजे एका प्रश्नावर दहा हजारांहून अधिक क्रमांकांचा फरक पडतो. याउलट ९९ पर्सेंटाइलजवळ विद्यार्थी विरळ असल्याने एका गुणाने सुमारे ३५० क्रमांकांचाच फरक पडतो.

आता यात अंदाजाचा चढउतार मिळविला, तर ६.७ गुणांचा फरक मध्यभागी जवळजवळ ९ पर्सेंटाइलचा होतो. ४७ व ५६ पर्सेंटाइलच्या दोन विद्यार्थ्यांपैकी अधिक तयारी कोणाची, हे या परीक्षेवरून खात्रीने सांगता येणार नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

आपल्याकडील सार्वजनिक चर्चा ९९ पर्सेंटाइलच्या वरच्या विद्यार्थ्यांभोवती फिरते. तेथे परीक्षा बऱ्यापैकी विश्वासार्हपणे काम करते. परंतु जिल्हा व तालुका पातळीवरील महाविद्यालयांत येणारा बहुसंख्य विद्यार्थी हा मध्यभागातील असतो. संगणक अभियांत्रिकी मिळाली की स्थापत्य, घराजवळचे महाविद्यालय मिळाले की वसतिगृहाचा खर्च करावा लागला, शासकीय जागा मिळाली की खासगी, हे त्याच्या बाबतीत अशा आकड्यांवर ठरते, जे सर्वांत कमी विश्वासार्ह आहेत. ज्यांना चुकीची किंमत सर्वाधिक मोजावी लागते, त्यांच्याच बाबतीत मोजमाप सर्वाधिक अस्थिर असावे, ही या पद्धतीतील मूलभूत विसंगती होय.

याच संदर्भात भाषेचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. सीईटीच्या माहितीपत्रकांनुसार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे प्रश्न मराठी व उर्दूतही उपलब्ध असतात, गणिताचे प्रश्न मात्र केवळ इंग्रजीत असतात. सर्वाधिक गुणभाराचा विषय एकाच भाषेत असणे आणि राष्ट्रीय पातळीवरील जेईई मेनमध्ये मात्र तोच विषय मराठीत सोडविता येणे, हे विचार करण्याजोगे आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला शाब्दिक उदाहरण वाचण्यासाठी लागणारी अधिकची काही सेकंदे क्षुल्लक वाटतील. पण ५० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद, हे ध्यानात घेतल्यास त्यांचे मोल कळते.

८. एका सत्रातील चूक :
सत्रपद्धतीत गळतीची हानी मर्यादित राहते, तशी चुकीची हानी एकाच सत्रावर केंद्रितही होते. २७ एप्रिल २०२५ रोजीच्या एमएचटी-सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका आढळल्या आणि त्या सत्रातील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांसाठी ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. चुकीचे प्रश्न वगळून अथवा सरसकट गुण देऊन वेळ निभावून नेण्यापेक्षा फेरपरीक्षेचा निर्णय तत्त्वतः अधिक योग्य होता. तथापि फेरपरीक्षेच्या गटाला आठ दिवस अधिक तयारी व एका पूर्ण सरावाची संधी मिळते. उलट काहींचा आत्मविश्वास खचतो. पर्सेंटाइल त्या गटांतर्गतच काढले जात असल्याने हा लाभ वा तोटा इतर सत्रांशी तुलना करताना दिसून येत नाही. पद्धतीचे गृहीतक किती नाजूक आहे, हे यावरून लक्षात येते.

९. अन्यत्र अवलंबिलेला मार्ग :
निरनिराळ्या प्रश्नपत्रिका एका मापावर आणण्याची गरज केवळ आपल्याकडेच निर्माण झालेली नाही. अमेरिकेतील ‘सॅट’ ही परीक्षा १९२६ पासून घेतली जाते व तिच्या प्रश्नपत्रिका वर्षातून अनेकदा बदलतात. तेथे गटांतील स्थानाची तुलना करण्याऐवजी प्रश्नपत्रिकांच्या काठिण्याचीच तुलना केली जाते. प्रश्नांची पूर्वचाचणी घेऊन त्यांचे काठिण्य आधी मोजले जाते आणि त्या आधारे गुणांचे समतुलन केले जाते. परिणामी मार्चमधील व मेमधील विद्यार्थ्यांचे गट भिन्न असले, तरी गुणांचा अर्थ बदलत नाही.

या परीक्षेनेही अनेक स्थित्यंतरे पाहिली. १९९५ मध्ये गुणांच्या मापाची पुनर्रचना करून सरासरी पुन्हा ५०० च्या जवळ आणण्यात आली. २००५ मध्ये निबंधलेखन अनिवार्य झाले व एकूण गुण २४०० झाले. २०१६ मध्ये निबंध ऐच्छिक होऊन गुण पुन्हा १६०० वर आले आणि चुकीच्या उत्तराची पाव गुणाची वजावट रद्द झाली. अमेरिकेत २०२४ पासून ती पूर्णपणे संगणकीय झाली असून, पहिल्या टप्प्यातील कामगिरीनुसार दुसऱ्या टप्प्यातील प्रश्नांचे काठिण्य ठरते. त्यामुळे १५४ प्रश्नांच्या व तीन तासांच्या जुन्या परीक्षेचे काम ९८ प्रश्नांत व दोन तास चौदा मिनिटांत होते. प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या पातळीजवळचे प्रश्न मिळाल्याने मध्यभागातील व त्याखालील विद्यार्थ्यांचे मोजमापही अधिक नेमके होऊ शकते.

तेथील विद्यापीठांना हे गुण निर्णयाचा एक घटक म्हणून वापरता येतात. आपल्याकडे तो एकमेव घटक असतो. त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी उचलणे शक्य नाही. परंतु पूर्वचाचणी झालेल्या प्रश्नांची पेढी उभारणे आणि सर्व सत्रांत काही समान काठिण्याचे प्रश्न ठेवून गटांच्या समानतेची तपासणी करणे, एवढे तरी निश्चितच शक्य आहे.

१०. निष्कर्ष :
(१) २०१९ मधील बदल हा केवळ कागदाकडून संगणकाकडे झालेला बदल नव्हता. त्याने गुणाला मोजमापाऐवजी सापेक्ष स्थानाचे रूप दिले.
(२) पर्सेंटाइल पद्धत प्रश्नपत्रिकांतील काठिण्यभेदावर वाजवी उपाय असली, तरी ती सत्रांतील गट समान असण्याच्या गृहीतकावर उभी आहे.
(३) सात दशांश स्थळे ही अचूकतेची खूण नाहीत. सत्राचा आकार व गुणांची मर्यादित संख्या लक्षात घेता, बहुतांश विद्यार्थ्यांच्या बाबतीत दशांशातील फरकांना अर्थ नाही.
(४) अस्थिरतेचा सर्वाधिक भार मध्यभागातील विद्यार्थ्यांवर पडतो.
(५) अकरावी-बारावीच्या दोन वर्षांदरम्यान निकष बदलणे हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने प्रश्नपत्रिका कठीण असण्यापेक्षाही अधिक हानिकारक ठरू शकते.

११. शिफारशी :
(अ) परीक्षा यंत्रणेने प्रत्येक सत्राची उमेदवारसंख्या, सरासरी व गुणांचे वितरण जाहीर करावे, आणि निकालपत्रावर पर्सेंटाइलसोबत त्याची संभाव्य त्रुटीही छापावी.
(आ) प्रवेशाच्या निकषातील कोणताही मूलभूत बदल, तो ज्या तुकडीला लागू होणार, तिच्या अकरावी प्रवेशापूर्वी घोषित व्हावा.
(इ) गणिताची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध करून देण्याचा विचार व्हावा. पारिभाषिक संज्ञा दोन्ही भाषांत दिल्यास संदिग्धता टळेल.
(ई) सुविधा केंद्रांवरील प्राध्यापकांनी पालकांना गतवर्षीच्या कट-ऑफचे दशांश दाखवून निर्णय घेण्यास प्रवृत्त करू नये. एखाद्या पर्सेंटाइलने वर-खाली असलेली महाविद्यालये विद्यार्थ्याच्या आवाक्यात समान मानून, शाखेची आवड, अंतर व खर्च यांनुसार पसंतीक्रम लावण्याचा सल्ला द्यावा.
(उ) महाविद्यालयांनी प्रथम वर्षाच्या तुकड्या पर्सेंटाइलनुसार पाडू नयेत. सत्रारंभी गणित व भौतिकशास्त्रातील पूर्वज्ञानाची लहान वर्णनात्मक चाचणी घ्यावी. रीत लिहिण्याची सवय किती आहे, हे बहुपर्यायी परीक्षा सांगू शकत नाही. आपल्याला मात्र शिकविण्यासाठी तेच जाणून घ्यावयाचे असते.

१२. समारोप :
प्रवेश परीक्षेने कोणाला तरी आत घ्यावयाचे व कोणाला तरी बाहेर ठेवावयाचे असते. जागा मर्यादित असेपर्यंत हे टळणार नाही. सीमारेषा कोठेतरी ओढावी लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखेच विद्यार्थी असतात. परंतु सीमारेषा ओढणे ही एक व्यवस्थापकीय गरज आहे आणि तिच्या खालचा विद्यार्थी कमी योग्यतेचा मानणे हा एक निष्कर्ष आहे. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. ५६ पर्सेंटाइलचा विद्यार्थी एका वर्गात व ४७ पर्सेंटाइलचा दुसऱ्या वर्गात बसलेला असेल, तेव्हा हा भेद शिक्षकाने लक्षात ठेवला, तर परीक्षेतील अस्थिरतेचा परिणाम वर्गात आणखी वाढणार नाही. यंत्रणेत सुधारणा होण्यास कालावधी लागेल. निकालपत्र योग्य रीतीने वाचण्यास मात्र तो लागण्याचे कारण नाही.